मागणी आणि पुरवठा

मागणी आणि पुरवठा हे बाजारपेठेत वस्तू व सेवांच्या किमती कशा ठरतात याचे स्पष्टीकरण देणारे सूक्ष्म अर्थशास्त्रातील मूलभूत प्रतिमान आहे. स्पर्धात्मक बाजारपेठेत वस्तूची किंमत एकट्या ग्राहकाच्या किंवा एकट्या विक्रेत्याच्या इच्छेने ठरत नाही. ती ग्राहकांची मागणी आणि विक्रेत्यांचा पुरवठा यांच्या परस्परक्रियेतून ठरते. ज्या किमतीला मागणीचे नग आणि पुरवठ्याचे नग समान होतात, तिला *समतोल किंमत* असे म्हणतात. मागणी किंवा पुरवठ्यावर परिणाम करणारी परिस्थिती बदलली की समतोल किंमतही बदलते.

या प्रतिमानाची आजची मांडणी प्रामुख्याने इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून रूढ झाली. शेतमालाचे भाव, घरभाडे, मजुरी, व्याजदर आणि विदेशी चलनाचे दर अशा अनेक प्रश्नांच्या अभ्यासात त्याचा उपयोग केला जातो. किंमत कोणत्या दिशेने बदलेल हे या प्रतिमानातून समजते; मात्र त्या बदलाचा लाभ कोणाला व भार कोणावर, हे मागणी व पुरवठ्याच्या लवचिकतेवर अवलंबून असते.

## मूलभूत संकल्पना

### मागणी

अर्थशास्त्रात मागणी म्हणजे केवळ इच्छा किंवा गरज नव्हे. वस्तू घेण्याची इच्छा, ती विकत घेण्याची ऐपत आणि त्यासाठी पैसे खर्च करण्याची तयारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मागणी निर्माण होते. उपाशी माणसाला अन्नाची गरज असते, परंतु त्याच्याजवळ पैसे नसतील तर त्याची भूक बाजारपेठेत मागणी म्हणून नोंदली जात नाही. मागणी नेहमी विशिष्ट किंमत आणि विशिष्ट कालावधी यांच्या संदर्भात सांगितली जाते. ‘साखरेची मागणी १०० क्विंटल आहे’ हे विधान त्यामुळे अपुरे ठरते. ती कोणत्या किमतीला व किती काळात, हे सांगावे लागते.

### पुरवठा आणि साठा

विशिष्ट कालावधीत, विशिष्ट किमतीला विक्रेते वस्तूचे जितके नग विकण्यास तयार असतात, त्यास पुरवठा म्हणतात. विक्रेत्याजवळ असलेला एकूण माल म्हणजे साठा. पुरवठा हा त्या साठ्याचा प्रत्यक्ष विक्रीस काढलेला भाग असतो. एखाद्या शेतकऱ्याच्या चाळीत ५० क्विंटल कांदा असेल आणि आजच्या भावाला त्याने त्यातील २० क्विंटल बाजार समितीत आणला, तर ५० क्विंटल हा साठा आणि २० क्विंटल हा पुरवठा होय. पालेभाज्या, फुले, मासे यांसारख्या नाशवंत मालाच्या बाबतीत विक्रेत्याला थांबता येत नाही, म्हणून साठा आणि पुरवठा जवळजवळ सारखेच असतात. माल टिकवून ठेवण्याची सोय ज्याच्याजवळ आहे, त्याची सौदाशक्ती त्यामुळे वाढते.

## मागणीचा नियम

इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढली असता मागणी कमी होते आणि किंमत घटली असता मागणी वाढते, यास मागणीचा नियम म्हणतात. आलेखावर मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगितली जातात :

* घटती सीमान्त उपयोगिता : एखाद्या वस्तूचे अधिकाधिक नग उपभोगले असता प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारे समाधान कमी होत जाते. त्यामुळे पुढच्या नगासाठी ग्राहक आधीइतकी किंमत देण्यास तयार नसतो.
* उत्पन्न परिणाम : किंमत घटल्यास तेवढ्याच पैशात अधिक वस्तू घेता येतात, म्हणजेच ग्राहकाचे वास्तव उत्पन्न वाढते.
* पर्यायता परिणाम : स्वस्त झालेली वस्तू तिच्या पर्यायी वस्तूंच्या जागी वापरली जाते.
* नवे ग्राहक : ज्यांना पूर्वी वस्तू परवडत नव्हती असे ग्राहक कमी किमतीला बाजारपेठेत येतात.

### अपवाद

गरीब कुटुंबांचा मोठा खर्च ज्या स्वस्त अन्नधान्यावर होतो, त्याची किंमत वाढली तर त्यांना अधिक महागडे पदार्थ सोडून देऊन तेच धान्य जास्त घ्यावे लागते, असे निरीक्षण मार्शल यांनी सर रॉबर्ट गिफेन यांच्या नावे नोंदवले. अशा वस्तूंना *गिफेन वस्तू* म्हणतात. अशी उदाहरणे व्यवहारात क्वचित आढळतात. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीनच्या हुनान प्रांतातील गरीब कुटुंबांच्या तांदळाच्या खपात हा परिणाम दिसल्याचे दाखवले. दुसरा अपवाद प्रतिष्ठेच्या वस्तूंचा आहे. काही वस्तू महाग असतात म्हणूनच त्यांना श्रीमंत वर्गात मागणी असते. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली केलेल्या दिखाऊ उपभोगाच्या विवेचनावरून त्यांना *व्हेब्लेन वस्तू* असे नाव पडले.

## पुरवठ्याचा नियम

इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली असता पुरवठा वाढतो आणि किंमत घटली असता पुरवठा घटतो, यास पुरवठ्याचा नियम म्हणतात. किंमत वाढल्यास चालू उत्पादकांना अधिक खर्च सोसूनही उत्पादन वाढवणे परवडते आणि नवे उत्पादक त्या क्षेत्रात येतात. पुरवठा वक्र म्हणून डावीकडून उजवीकडे वर चढतो. उत्पादन घटकांच्या किमती, तंत्रज्ञान, हवामान, वाहतुकीच्या सोयी, कर व अनुदाने आणि भविष्यातील किमतींविषयीचा अंदाज यांवरही पुरवठा अवलंबून असतो.

## बाजारपेठेचा समतोल

पुढील काल्पनिक तक्त्यात एका बाजारपेठेतील कांद्याची एका दिवसाची मागणी व पुरवठा दाखवला आहे.

| किंमत (रुपये प्रतिकिलो) | मागणी (क्विंटल) | पुरवठा (क्विंटल) | स्थिती |
|---|---|---|---|
| १० | ५०० | १०० | ४०० क्विंटल तुटवडा |
| २० | ४०० | २०० | २०० क्विंटल तुटवडा |
| ३० | ३०० | ३०० | समतोल |
| ४० | २०० | ४०० | २०० क्विंटल अतिरिक्त माल |
| ५० | १०० | ५०० | ४०० क्विंटल अतिरिक्त माल |

किंमत ४० रुपये असेल तर विक्रेत्यांचा २०० क्विंटल माल पडून राहतो. तो खपवण्यासाठी विक्रेते भाव उतरवतात. भाव उतरला की मागणी वाढते, पुरवठा घटतो आणि अंतर कमी होत जाते. किंमत २० रुपये असेल तर याउलट घडते. माल न मिळालेले ग्राहक जास्त भाव देऊ करतात आणि किंमत वर सरकते. ३० रुपयांना दोन्ही बाजू जुळतात. या किमतीला भाव बदलण्याचे कारण कोणाजवळही उरत नाही, म्हणून तिला समतोल किंमत म्हणतात.

समतोल किंमत म्हणजे न्याय्य किंमत असे नव्हे. ३० रुपये किलो हा भाव एखाद्या कुटुंबाला न परवडणारा असू शकतो, तसाच तो शेतकऱ्याच्या उत्पादन खर्चाहून कमीही असू शकतो. त्या किमतीला खरेदी-विक्री जुळते, एवढेच समतोल या शब्दातून सूचित होते.

## समतोलातील बदल

मागणीतील बदल दोन प्रकारचे असतात. केवळ किंमत बदलल्यामुळे मागणी कमी-जास्त झाली, तर त्यास मागणीचा *विस्तार* किंवा *संकोच* म्हणतात. हा बदल एकाच वक्रावर घडतो. उत्पन्न, आवडीनिवडी, लोकसंख्या, पर्यायी व पूरक वस्तूंच्या किमती अशा इतर कारणांनी मागणी बदलली, तर त्यास मागणीतील *वृद्धी* किंवा *ऱ्हास* म्हणतात. अशा वेळी संपूर्ण वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो. पुरवठ्यालाही हाच भेद लागू आहे.

हा भेद लक्षात न घेतल्यास तर्कात गफलत होते. ‘किंमत वाढल्याने मागणी घटते आणि मागणी घटल्याने किंमत पुन्हा उतरते, म्हणून किमती वाढूच शकत नाहीत’ हा युक्तिवाद वरकरणी बरोबर वाटतो. त्यात पहिल्या वेळी ‘मागणी घटणे’ म्हणजे वक्रावरील संकोच आणि दुसऱ्या वेळी वक्राचे सरकणे असे दोन निराळे अर्थ एकत्र झाले आहेत.

मागणी वाढली व पुरवठा कायम राहिला तर किंमत आणि विक्री दोन्ही वाढतात. पुरवठा घटला व मागणी कायम राहिली तर किंमत वाढते, पण विक्री कमी होते. दोन्ही वक्र एकाच वेळी सरकल्यास निष्कर्ष अनिश्चित राहतो. दसऱ्याला झेंडूची मागणी एकदम वाढते, परंतु तो दिवस डोळ्यांसमोर ठेवूनच शेतकऱ्यांनी लागवड केलेली असल्याने आवकही वाढते. फुलांची विक्री वाढणार हे निश्चित सांगता येते; भाव चढेल की कोसळेल हे मात्र कोणती वाढ मोठी आहे यावर ठरते. सण संपल्यावर फुलांना मागणी उरत नसल्याने त्या दिवशी संध्याकाळी विक्रेत्यांना मिळेल त्या भावाला माल द्यावा लागतो.

## लवचिकता

किमतीतील बदलाला मागणी किंवा पुरवठा किती प्रमाणात प्रतिसाद देतो, हे लवचिकतेने मोजले जाते. मागणीतील शेकडा बदलास किमतीतील शेकडा बदलाने भागले असता मागणीची किंमत लवचिकता मिळते. किंमत १० टक्क्यांनी वाढल्यावर मागणी २ टक्क्यांनी घटली तर लवचिकता ०.२ होते. लवचिकता १ पेक्षा कमी असल्यास मागणी *कमी लवचिक* आणि १ पेक्षा जास्त असल्यास *अधिक लवचिक* समजली जाते.

मीठ, धान्य, औषधे अशा गरजेच्या वस्तूंची मागणी सामान्यतः कमी लवचिक असते. चैनीच्या आणि सहज पर्याय उपलब्ध असलेल्या वस्तूंची मागणी अधिक लवचिक असते. उत्पन्नाचा किती हिस्सा त्या वस्तूवर खर्च होतो आणि ग्राहकाला जुळवून घेण्यास किती काळ मिळतो, यांवरही लवचिकता अवलंबून असते.

### भरघोस पीक आणि घटते उत्पन्न

मागणी कमी लवचिक असेल तर किंमत वाढल्यावर ग्राहकांचा त्या वस्तूवरील एकूण खर्च वाढतो आणि किंमत घटल्यावर कमी होतो. याचा थेट परिणाम शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर होतो. समजा, एका गावातील शेतकऱ्यांनी एका वर्षी १०० क्विंटल माल २,००० रुपये क्विंटल दराने विकला. त्यांना २,००,००० रुपये मिळाले. पुढील वर्षी सर्वत्र पीक उत्तम आले. गावाचे उत्पादन १२० क्विंटल झाले, परंतु भाव १,२०० रुपयांवर उतरला, तर त्यांना १,४४,००० रुपयेच मिळतात. उत्पादन २० टक्क्यांनी वाढूनही उत्पन्न २८ टक्क्यांनी घटते.

अशा वेळी उत्पादन कमी ठेवणे सर्व शेतकऱ्यांच्या सामाईक हिताचे असले, तरी एकट्या शेतकऱ्याने तसे करून उपयोग होत नाही. एकूण आवकेत त्याचा वाटा इतका लहान असतो की त्याने माल कमी आणल्याने भाव वाढत नाही. फक्त त्याचेच उत्पन्न आणखी घटते.

धान्याच्या भावाचा हा स्वभाव फार पूर्वी ओळखला गेला होता. चार्ल्स डॅव्हनंट यांनी १६९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका कोष्टकात, पीक १० टक्क्यांनी कमी आल्यास धान्याचा भाव ३० टक्क्यांनी, २० टक्क्यांनी कमी आल्यास ८० टक्क्यांनी आणि ५० टक्क्यांनी कमी आल्यास ४५० टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज दिला आहे. ग्रेगरी किंग यांच्या नावावरून त्यास ‘किंगचा नियम’ म्हटले जाते.

### कराचा भार

कर कायद्याने कोणावर बसवला आहे यावरून त्याचा खरा भार कोण उचलतो हे ठरत नाही. बाजारपेठेतून ज्याला सहज बाहेर पडता येत नाही, म्हणजे ज्याची लवचिकता कमी आहे, त्या बाजूवर करभाराचा मोठा हिस्सा पडतो. गरजेच्या वस्तूंवरील कर विक्रेत्याकडून वसूल केला, तरी तो मुख्यतः ग्राहकाच्या खिशातून जातो.

## काळ आणि कोळिष्टक सिद्धांत

पुरवठा किमतीला किती प्रतिसाद देईल हे उपलब्ध काळावर अवलंबून असते, याकडे मार्शल यांनी विशेष लक्ष वेधले. त्यासाठी त्यांनी मासळी बाजाराचे उदाहरण घेतले. एखाद्या दिवशी बाजारात आलेली मासळी ठरावीकच असते, त्यामुळे त्या दिवसाची किंमत प्रामुख्याने मागणीवर ठरते. काही महिन्यांच्या अवधीत आहे त्या होड्यांनी अधिक मासेमारी करता येते. त्याहून दीर्घ काळात नव्या होड्या बांधता येतात आणि नवे लोक त्या व्यवसायात येतात. काळ जितका दीर्घ, तितका उत्पादन खर्चाचा किमतीवरील प्रभाव अधिक असतो.

शेतीत पेरणी आणि विक्री यांमध्ये काही महिन्यांचे अंतर असते. शेतकरी चालू भाव पाहून लागवड ठरवतात, परंतु माल येतो तेव्हा परिस्थिती बदललेली असते. भाव चढा असताना अनेकांनी लागवड वाढवली की पुढच्या हंगामात आवक वाढून भाव कोसळतो. कोसळलेला भाव पाहून लागवड घटते आणि त्यानंतर पुन्हा भाव चढतो. आलेखावर ही हालचाल कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून निकोलस काल्डॉर यांनी १९३४ साली तिला *कोळिष्टक सिद्धांत* हे नाव दिले. पुरवठ्याचा प्रतिसाद मागणीच्या प्रतिसादापेक्षा सौम्य असेल तर ही आंदोलने हळूहळू शमतात. अन्यथा ती वाढत जातात. शेतकरी केवळ मागील भावावर विसंबतात, हे गृहीतक अपुरे असल्याची टीका जॉन म्यूथ यांनी १९६१ साली केली. त्यांच्या मते उत्पादक उपलब्ध असलेली सर्व माहिती वापरून अंदाज बांधतात.

## उदाहरण : महाराष्ट्रातील कांदा

महाराष्ट्र हे भारतातील कांदा उत्पादनात आघाडीवर असलेले राज्य आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांच्या लिलावांतील भावाकडे देशभरातील व्यापाऱ्यांचे लक्ष असते. राज्यात कांद्याचे तीन हंगाम आहेत : पावसाळ्यात वाढून साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघणारा खरीप, त्यानंतर निघणारा रांगडा आणि मार्च ते मे या काळात निघणारा रब्बी, म्हणजे उन्हाळ कांदा. वर्षातील उत्पादनाचा सर्वांत मोठा भाग उन्हाळ कांद्याचा असतो. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही. उन्हाळ कांदा मात्र हवेशीर चाळीत काही महिने साठवता येतो.

उन्हाळ कांदा निघतो तेव्हा पुरवठा वाढून भाव उतरतात. ज्यांना पैशांची निकड असते किंवा ज्यांच्याकडे चाळ नसते, ते शेतकरी त्याच वेळी विक्री करतात. पुढील महिन्यांत साठ्यातील कांदा सडणे, कोंब येणे व वजन घटणे यांमुळे कमी होत जातो. पावसाने खरिपाचे पीक लांबले किंवा खराब झाले, तर जुना साठा संपणे आणि नवा माल येणे यांत खंड पडतो. कांद्याला स्वयंपाकात सहज पर्याय नसल्याने मागणी कमी लवचिक असते. परिणामी, पुरवठ्यातील मर्यादित घटसुद्धा भावात मोठी वाढ घडवते. वर उल्लेखलेली साठा, लवचिकता आणि कोळिष्टक ही तिन्ही तत्त्वे येथे एकत्र दिसतात.

कांद्याच्या भाववाढीचे पडसाद राजकारणातही उमटतात. १९९८ सालच्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याचे भाव हा प्रचाराचा प्रमुख मुद्दा होता. भाव वाढू लागले की केंद्र सरकार अनेकदा निर्यातीवर बंधने घालते. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी करण्यात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवण्यात आले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमधील लिलाव निषेधार्थ काही काळ बंद राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली. ती मे २०२४ मध्ये उठवण्यात आली.

प्रतिमानाच्या भाषेत निर्यातबंदी म्हणजे एकूण मागणीतून विदेशी ग्राहक वगळणे होय. मागणी वक्र डावीकडे सरकतो आणि देशांतर्गत भाव उतरतो. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळतो. त्याची किंमत शेतकरी आपल्या उत्पन्नातून मोजतो. निर्यात शुल्काचा परिणामही याच दिशेने होतो. विदेशी ग्राहकांना इतर देशांचा कांदा उपलब्ध असेल, तर ते वाढीव किंमत देण्याऐवजी विक्रेता बदलतात आणि शुल्काचा बराचसा भार उत्पादकावर येतो. हंगामात खरेदी करून टंचाईच्या काळात माल बाजारात आणणे, हा दुसरा उपाय आहे. नाफेडसारख्या संस्थांमार्फत केलेल्या राखीव साठ्याच्या खरेदीमागे हे तत्त्व आहे. अशी खरेदी हंगामात मागणी वाढवते आणि टंचाईत पुरवठा वाढवते. तिचे यश खरेदीचे प्रमाण, वेळ आणि साठवणुकीतील नासाडी यांवर अवलंबून असते.

## किंमत नियंत्रण

### कमाल किंमत

सरकारने समतोल किमतीपेक्षा कमी पातळीवर कमाल किंमत ठरवल्यास मागणी पुरवठ्याहून अधिक राहते. टंचाई दूर करण्याचे काम किमतीने होत नसल्याने रांगा, ओळखी, शिधावाटप किंवा काळा बाजार यांपैकी कोणत्या तरी मार्गाने वस्तूंचे वाटप होते.

मुंबईतील घरभाडे हे याचे परिचित उदाहरण आहे. दुसरे महायुद्ध आणि फाळणीनंतरच्या घरटंचाईत भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा करण्यात आला. त्यानुसार अनेक जुन्या इमारतींची प्रमाण भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. गिरणी कामगारांसह असंख्य कुटुंबांना त्यामुळे शहराच्या मध्यवर्ती भागात राहता आले. दुसरीकडे, मिळणाऱ्या भाड्यात डागडुजीचा खर्चही निघत नसल्याने मालकांचे इमारतींकडे दुर्लक्ष झाले, भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्याचे आकर्षण कमी झाले आणि घर हस्तांतरित करताना पागडी घेण्याची पद्धत रुजली. मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. भाडी अशा प्रकारे गोठवून ठेवण्याच्या तरतुदी कालांतराने अवाजवी ठरल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली व्यक्त केले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

### किमान किंमत

समतोल किमतीपेक्षा वरच्या पातळीवर किमान किंमत ठरवल्यास माल शिल्लक राहतो. ती टिकवण्यासाठी कोणी तरी तो माल विकत घ्यावा लागतो. भारतात १९६५ साली कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले व १९६६-६७ पासून गव्हाला किमान आधारभूत किंमत जाहीर होऊ लागली. आज ही किंमत वीसहून अधिक पिकांना जाहीर होते. कांद्याचा त्यांत समावेश नाही. जेथे सरकारी खरेदीची यंत्रणा भक्कम असते, तेथे आधारभूत किंमत परिणामकारक ठरते. खरेदीच होत नसेल तर बाजारभाव त्याखाली जाऊ शकतो.

श्रमाच्या बाजारपेठेतील किमान वेतनाबाबत मतभेद आहेत. स्पर्धात्मक प्रतिमानानुसार किमान वेतन वाढवल्यास रोजगार घटावा. परंतु डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात किमान वेतन वाढवल्यानंतर उपाहारगृहांतील रोजगार घटल्याचे आढळले नाही. या निष्कर्षावर पुढे मोठा वाद झाला. मोजक्याच मालकांच्या हाती नोकऱ्या एकवटलेल्या असतील, तर वेतनवाढीचा परिणाम स्पर्धात्मक बाजारपेठेपेक्षा निराळा होऊ शकतो, हे आता सर्वसाधारणपणे मान्य केले जाते.

## इतिहास

‘मागणी आणि पुरवठा’ हा शब्दप्रयोग जेम्स स्ट्युअर्ट यांच्या १७६७ सालच्या ग्रंथात आढळतो. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात उत्पादन खर्चावर आधारित नैसर्गिक किंमत आणि दैनंदिन बाजारभाव यांत भेद केला. फ्रेंच गणिती आंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ साली मागणीला किमतीचे फलन मानून तिचा आलेख काढला. फ्लीमिंग जेंकिन यांनी १८७० साली दोन्ही वक्र एकत्र मांडून त्यांचा उपयोग केला. लिओं वालरास यांनी १८७४ पासून सर्व बाजारपेठांच्या एकत्रित समतोलाची मांडणी केली.

वस्तूचे मूल्य उत्पादन खर्चावर ठरते की उपयोगितेवर, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वाद होता. मार्शल यांनी त्यावर कात्रीचे उदाहरण दिले : कात्रीच्या कोणत्या पात्याने कागद कापला हे जसे सांगता येत नाही, तसे मूल्यही एकट्या मागणीने किंवा एकट्या पुरवठ्याने ठरत नाही. किंमत उभ्या अक्षावर व नगसंख्या आडव्या अक्षावर दाखवण्याची पद्धतही त्यांच्यामुळे रूढ झाली.

मराठीत अर्थशास्त्रीय लेखनाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ हे पुस्तक १८५५ साली प्रसिद्ध झाले.

## मर्यादा आणि टीका

हे प्रतिमान पूर्ण स्पर्धा, एकजिनसी वस्तू आणि सर्वांना समान माहिती ही गृहीतके धरून चालते. मक्तेदारी किंवा मोजके खरेदीदार असलेल्या बाजारपेठेत किंमत ठरवण्याची शक्ती एका बाजूकडे झुकते. विक्रेत्याला ग्राहकापेक्षा अधिक माहिती असल्यास बाजारपेठ आकुंचन पावू शकते, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. प्रदूषणासारखे तिसऱ्याच व्यक्तीवर पडणारे खर्च बाजारभावात आपोआप समाविष्ट होत नाहीत.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दिलेल्या भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात, इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना व सर्व काळात जसेच्या तसे लागू होत नाहीत, अशी भूमिका मांडली.

गरज आणि मागणी यांतील अंतराचे गंभीर उदाहरण १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचे आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की १९४३ मध्ये बंगालमधील एकूण अन्नधान्य १९४१ च्या तुलनेत कमी नव्हते, आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ पडला नव्हता. युद्धकाळात तांदळाचे भाव चढले. शेतमजूर, मासेमार व ग्रामीण कारागीर यांचे उत्पन्न मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. त्यांची भूक कायम होती, पण बाजारपेठेतील त्यांची मागणी नाहीशी झाली. सेन यांच्या या विवेचनावर काही अभ्यासकांनी आक्षेप घेतले असले, तरी अन्नाची उपलब्धता आणि अन्न मिळवण्याची क्षमता या दोन वेगळ्या बाबी आहेत, हा मुद्दा दुष्काळांच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला आहे.

## हेही पाहा

* सीमान्त उपयोगिता
* मागणीची लवचिकता
* मक्तेदारी
* किमान आधारभूत किंमत
* कृषी उत्पन्न बाजार समिती